तोडणीआधीचं पाणी

१० फेब्रुवारी २०११, दिंडोरी
पोचलो एकदाचे! गोंदियाहून बसल्या बसल्या आमच्या घरच्या रामबाईचे गुडघे आखडले, पण ठीक. लेकीचा, योगेश्वरीचा खोकला गेला. जावईबापू तिलक मात्र वाळले. द्राक्षमळ्याचे सुपरवायझर ते — वाइनची द्राक्षं, तोडणी चार दिवसांवर. "तोडणी होऊ द्या मामाजी, समुद्र दाखवतो." आमच्या सात पिढ्यांत कोणी पाहिला नाही!

११ फेब्रुवारी
मळा फिरलो. जमिनीला भेगा! आमच्या गोंदियाकडच्या गोरेगावात धानाच्या बांधीला अशी भेग दिसली तर मला जेवण जात नाही. बाजारचा दिवस, सारे गावात गेलेले. ठिबकचा कॉक दिसला, फिरवला. दिवेलागणीला बंद केला. पोटभर पाजलं बिचाऱ्या वेलींना!

१२ फेब्रुवारी
द्राक्षांचे मणी तडकले. निम्मा मळा! तिलक डोकं धरून बसले. "तोडणीआधी पाणी मुद्दाम बंद ठेवतात, मामाजी. गोडी भरते. कोण सोडलं म्हणून मालक विचारून राहिले."
तोंडात घास होता. गिळला.

१३ फेब्रुवारी
संशय उदारामवर — मळ्यातला मजूर, आपल्याच अर्जुनी मोरगावचा. दारात आला, रडवेला. "काकाजी, मी नाही सोडलो जी. मलेच काऊन धरतेत?" मी म्हटलं, "बस, चहा घे." चहा घे! एवढंच सुचलं मला!
संध्याकाळी तिलक सांगत आले — "उदाराम सुटला. अन् मला सुट्टी मिळाली, चला समुद्रावर!"
ऐन तोडणीत सुट्टी? विचारायची हिंमत नाही झाली.

१५ फेब्रुवारी
कसारा घाट उतरलो. रामबाईने डोळे मिटले. मीही.

१६ फेब्रुवारी, मुरूड
समुद्र! रामबाई गुडघाभर पाण्यात. "हा तं आपल्या नवेगावच्या बांधाचा तलावच जी! पलीकडचा काठ कोन नेला?" किती दिवसांनी अशी हसली. योगेश्वरी रेतीवर गुमसुम.
तिलकना बाजूला घेतलं. सांगून टाकलं — कॉक मी फिरवला.
ते पाण्याकडेच पाहत होते. "मालूम आहे, मामाजी. कॉकजवळ तुमचा खांद्यावरचा दुपट्टा पडला होता. मीच उचलला. चला, नारळपाणी पिऊ."
छातीवरचा धोंडा उतरला.

१७ फेब्रुवारी
योगेश्वरी बोलली शेवटी. "सुट्टी नाही बाबूजी. त्यांनी सारं आपल्या अंगावर घेतलं, नोकरी गेली. तुमी दोघं समुद्र पाहून घ्या, मंग सांगू म्हनत होते."
पोस्टातून कार्ड आणलं. मालकाला लिहिलं — कॉक मी फिरवला. जावयाला परत घ्या, उरलेल्या तोडणीला मी येऊन राबतो. उत्तर लौकर धाडा. हुकुमचंद, गोरेगाव.