मोठ्यांना म्हणायचं नाही असं क्रियापद

सर,

तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी तुमच्याशी भांडायचं राहूनच गेलंय. काल माझ्या मुलानं विचारलं, "आई, स्कडॅडल म्हणजे काय गं?" आणि माझ्या तोंडून तुमचंच उत्तर निघालं. घाईघाईनं पळ काढणं. आपलं 'कल्टी मार', फक्त टाय लावलेलं. मित्राला म्हणावं, पोरांना म्हणावं, गमतीत. अर्जात लिहायचं नाही आणि मोठ्या माणसाला तर कधीच म्हणायचं नाही. केबिन रोडच्या तुमच्या घरी, स्वयंपाकघरात ओट्याला टेकून तुम्ही शिकवायचात आणि आम्ही क्लासची मुलं खाली लादीवर बसायचो.

हा शब्द शिकवलात, त्याच आठवड्यात आई मला न्यायला आली. बाजार आटपून, रिकामी टोपली काखेत आणि तुमच्यासाठी राखून ठेवलेल्या ताज्या बोंबलांची पिशवी हातात. नव्या मुलांचे पालक खुर्च्यांवर बसलेत, इस्त्रीच्या कपड्यांत. तुम्ही नाकाला रुमाल लावता, पिशवी घेता (पिशवी बरी घेतलीत हो!) आणि हात झटकून तिला म्हणता, "नाऊ स्कडॅडल, बाई!" सगळा क्लास खिदळतो. आई पण हसते. "येते हां सर," म्हणते.

तिला काही कळलं नाही, याच समजुतीवर मी इतकी वर्षं काढली. काल मुलाला अर्थ सांगत होते तेव्हा ती शेजारी कोळंबी सोलत बसलेली. मान वर न करता म्हणाली, "त्यो शब्द मला ठाव हाय. तुझे सर बोलले व्हते मला. कुत्र्याला हाकलतात तसा हात केलेला. कलत न्हाय काय मला?"

"अगं, मग त्यानंतरही बोंबील कशाला नेत होतीस त्यांच्याकडे?"

"तुझा इंग्लिश व्हायचा व्हता ना," म्हणाली आणि पुढची कोळंबी उचलली.

मेलेल्या माणसाला बोलू नये म्हणतात. बोलणार! नियम तुम्हाला पाठ होता, तुम्हीच आमच्याकडून घोकून घेतला होतात, आणि माझ्या आईला दारातून हाकललंत. वर तिचे बोंबील तळून खाल्लेत. लाज कशी वाटली नाही हो?

तुमचा मुलगा मीरा रोडला राहतो. त्याच्या हातात हे पत्र द्यावं असं सकाळपर्यंत डोक्यात होतं. नाही देत. ऑफिसात माझं इंग्लिश ऐकून लोक विचारतात, कुठे शिकलीस. मी शाळेचं नाव सांगते. खरं तर ते तुमच्याकडेच शिकले सर, आणि तुमच्यासारखं पुन्हा कुणी शिकवलं नाही. याचाच जास्त राग येतो.