निमिष, लाईट गेली नव्हती

सातारा,
१२ मार्च १९९९

प्रिय निमिष,

पत्राची सुरुवात अशीच करायची असते म्हणून 'प्रिय' लिहिलं. त्यातून काही अर्थ काढू नकोस.

तुमच्याकडून अबोलीसाठी विचारणा आली. माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीसाठी! बाबांनी मलाच विचारलं, "तू सांगलीला मावशीकडे राहिलीस, तो शेजारचाच. मुलगा कसा आहे?" मी "उद्या सांगते" म्हटलं. रागाच्या भरात एखादा शब्द जास्त जाईल, अशी धास्ती होती.

मग आठवत बसले. तुझ्या मामेभावाने पुण्याहून आणलेली ती खेळाची सीडी, संगणकाच्या पडद्यावरची ती पत्त्यांची लढाई. राक्षसांची पानं, जादूगारांची, शापांची. आपल्या पानांनी समोरच्याचा जीव संपवायचा. तुमच्या घरी संगणक एकच, म्हणून तुझी पाळी आली की मी भिंतीकडे तोंड करून बसायची, तुझी पानं दिसू नयेत म्हणून. आमच्या घरात अक्षरओळखीआधी मेंढीकोट शिकवतात, आणि दुसऱ्याचं पान चुकून दिसलं तर तिथल्या तिथे सांगायचं, हेही. तू हसायचास, "मयूरे, देवळात बसलीयस का?" त्या दुपारी अजून गोड वाटतात, आणि त्याचाच संताप येतो.

तू हरायला आलास की "लाईट गेली गं!" म्हणून ओरडायचास. मी वळून बघेपर्यंत पडदा काळा. एकदा मात्र माझ्या समोरचा भिंतीवरचा पंखा फिरतच राहिला. मी म्हटलं, "पंखा चालू आहे, निमिष." खालच्या बोर्डाच्या बटणावरचा पायसुद्धा तू काढला नव्हतास. वर मित्रांना सांगितलंस, "ही हरली की रडते."

तो खेळ होता, सोडून दिलं असतं. पण गेल्या वर्षी आपल्या लग्नाचं घरी बोलतो म्हणालास, आणि तुझ्या आईने विचारल्यावर काय उत्तर दिलंस? "तीच मागे लागलीय. मी फक्त कॉम्प्युटर शिकवत होतो." मी बाहेरच्या खोलीत चपला घालत होते रे. सगळं ऐकू आलं.

हे मी अबोलीला सांगितलं. तिला तुझा फोटो आवडला होता. ती म्हणाली, "ताई, तू जळत नाहीस ना?" मी म्हटलं, "थोडी जळतेय. तेवढं वजा करून ऐक." तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि फोटो पाकिटात परत घातला.

उद्या बाबा तुमच्याकडे कार्ड टाकतील, पत्रिका जुळत नाही म्हणून. आपल्यात नकार असाच कळवतात, कुणाचं मन दुखत नाही. पण मग तू पुढच्या मुलीच्या घरीही असाच ताठ मानेने पोहे खायला बसशील. म्हणून बाबांना न विचारता हे लिहिलं. पत्रिका उत्तम जुळत होती. तू नको आहेस.

तुझी कुणीही नसलेली,
मयूरी