सात नंबरचा शॉवर

मंगळवार, संध्याकाळ

बुलढाण्याच्या लॉजचालकांच्या प्रशिक्षणाहून परत आलो, पण ते कोमट पाणी डोक्यातून जात नाही. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, लिजिओनेला नावाचा जंतू पाइपात साचलेल्या कोमट पाण्यात वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून श्वासावाटे छातीत जातो. सगळे टिपून घेत होते, मीही. डोळ्यांपुढे मात्र आमच्या लॉजची सात नंबरची खोली.

तिथला पाहुणा न्यूमोनियानं गेला, तेव्हा भीतीपोटी मीच खोलीला कुलूप लावलं; तेव्हापासून तिथला नळ कुणी सोडलाच नाही. आज आल्या आल्या उघडलं. साफसफाईच्या कमलाबाई उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"भाऊ, काऊन उघडून राह्यले? त्या खोलीत काहीतरी हाय."

मी हसलो आणि साचलेलं पाणी काढून टाकायला शॉवर सोडला. आधी पाइप खोकल्यासारखा घरघरला, मग अंगावर पाणी उडालं. कोमट.

आता टिपणांची वही उघडली, तर माझ्याच अक्षरात लिहिलंय: 'बरेच दिवस बंद असलेला शॉवर सोडताना त्याला पिशवी बांधा, तुषार उडू देऊ नका.' मी तिथं उभा राहून किती श्वास घेतले? आणि खोलीत जे नव्हतं, ते माझ्याच कुलपानं वाढवलं का?

कमलाबाईंनी सातच्या दारावर लिंबू-मिरची बांधली आहे. मी काढायला सांगितलं नाही.