कुसुमच्या आजाराचं नाव आणि गोधनी रोडवरचं घर

लिहून ठेवणार: मी, नत्थू मारोतराव काळबांडे, वय ७२, वीज केंद्रातला निवृत्त फिटर, राहणार गोधनी रोड, नागपूर. फेब्रुवारीत माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. बाकी सगळं जागेवर आहे. ऐकू येतं, रोज पेपर वाचतो, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ज्याला बोलता येत नाही त्याला समजतही नाही, असं या घरात काहींनी धरून चालवलं आहे. म्हणून हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली न येता, घरात कोणालाही न विचारता, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. याआधी असा कागद मी केलेला नाही.

१. माझी हत्यारं, म्हणजे पाने, पाइप रेंच आणि ड्रिल मशीन, शेजारी अंकुश वानखेडे यांना द्यावी. माझी शिडी सहा वर्षांपासून त्यांच्याचकडे आहे. मागून मागून थकलो. तीही आता त्यांचीच समजावी, मात्र माझ्या तेरवीत त्यांनी मला दिलदार म्हणू नये. मला ती शिडी परत हवी होती.

२. काटोलजवळची दीड एकर संत्र्याची बाग आणि बँकेतली ठेव माझा एकुलता मुलगा दुर्गेश याला मिळावी. मी त्याला तोडत नाही. आईच्या आजारपणात सव्वा महिना तो रोज तिला स्कूटरवर मागे बसवून किरणांचा शेक घ्यायला दवाखान्यात नेत होता. हे मला आठवतं. पुढचं वाचताना त्यानेही ते आठवावं.

३. माझी पत्नी कुसुम अकरा वर्षांपूर्वी वारली. नातेवाइकांत सांगितलं गेलं की पोटात अल्सर होता. तसं सांगायचं दुर्गेशने ठरवलं आणि मी मान हलवली. ते खोटं आहे. कुसुमला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होता. यापुढे कोणी विचारलं तर हेच नाव सांगावं, आवाज खाली न करता.

४. हे आज का लिहितो, ते सांगतो. माझी नात रितिका तेरा वर्षांची आहे. तिच्या शाळेने जूनमध्ये ठरवलं की या कॅन्सरपासून वाचवणारी लस मुलामुलींना सक्तीची करायची. ऑक्टोबरमध्ये त्यावर पालकांची सभा बोलावली. मीही गेलो, मागच्या रांगेत दुर्गेशशेजारी बसलो. सक्तीवर भांडण झालं, ते व्हायलाच पाहिजे. एका आईने विचारलं की लस दिल्यावर त्रास झाला तर जबाबदार कोण. रास्त प्रश्न होता. तिथल्या डॉक्टरांनी नीट उत्तर दिलं. मग दुर्गेश उठला. म्हणाला, "हा रोग वाईट चालीच्या बायांले होते. आमच्या घरी कोणालेच झाला नाही. मग पोरीले काहून टोचून घेऊ?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वहीचं पान फाडून त्यावर लिहिलं, "माझ्या बायकोला झाला होता," आणि पुढे मुख्याध्यापकांकडे पोचवायला दुर्गेशच्या हातात दिलं. त्याने वाचलं, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. सक्ती गेली. आई किंवा बाप, एकाने फॉर्मवर सही केली तर लस, नाहीतर नाही, असं ठरलं.

ती चिठ्ठी खिशात गेली. हा कागद जाणार नाही, याची एक प्रत वकिलांकडे राहील.

५. आता माझं. हा कॅन्सर बहुतेक वेळा एका विषाणूमुळे होतो, तो शरीरसंबंधातून येतो आणि वर्षानुवर्षं आत गप्प बसून राहतो, असं कुसुमच्या डॉक्टरीणबाईंनी मला तेव्हाच एकट्याला बसवून सांगितलं होतं. कुसुम माझ्याशिवाय कोणाजवळ गेली नाही. मी गेलो. लग्नानंतर दोन वर्षं बाहेरगावच्या कामावर होतो, तेव्हा. तिने मरेपर्यंत देवाला विचारलं की माझं काय चुकलं, आणि मी शेजारी बसून तिच्या पायाला तेल लावत राहिलो, बोललो नाही. माझा गळाही कॅन्सरनेच गेला; तो त्याच विषाणूने झाला की चाळीस वर्षं खाल्लेल्या तंबाखूच्या खर्र्याने, हे डॉक्टर खात्रीने सांगत नाहीत. दोन्ही माझेच उद्योग. दुर्गेश, वाईट चालीचं माणूस या घरात होतं. तो तुझा बाप. तुझ्या आईचे संस्कार कुठेच कमी नव्हते, तरी ती गेली. मला शरम वाटते, पण लपून राहायची हौस आता फिटली.

६. गोधनी रोडवरचं राहतं घर मी माझ्या पगारातून बांधलं, वडिलोपार्जित नाही. ते संपूर्ण, वरच्या खोलीसह, मी माझी सून करिष्मा दुर्गेश काळबांडे हिच्या एकटीच्या नावे करतो. कारण फॉर्म घरी येऊन तीन आठवडे झाले आणि ती सही करत नाही. मी पाटीवर लिहून विचारलं तेव्हा रडत म्हणाली, "मामाजी, हे म्हणतात का सही केली तर माह्या घरातून चालती हो. मी पोरीले घेऊन कुठं जाऊ?"

वकील म्हणाले, अट टाका, लस दिली तरच घर. मी नकार दिला. एकाच्या धाकातून काढून तिला माझ्या धाकात ठेवायचं नाही. अट एकही नाही. सही करावी की करू नये, ते आई म्हणून तिने ठरवावं. मी आहे तोवर घराचा मालक मी, आणि माझ्यानंतर ती. तिला बाहेर काढायचा हक्क दुर्गेशला आजही नाही आणि उद्याही नसेल.

७. हे कलम सह्यांच्या आधी वाढवत आहे. वरचं सगळं मी आज सकाळी करिष्माला वाचायला दिलं. पाचवं कलम तिने दोनदा वाचलं. मग सहावं वाचलं आणि पेन मागितला. मी पाटीवर लिहिलं, घर तुला मिळतं आहे, तू साक्षीदार होऊ नकोस.

ती म्हणाली, "साक्षीसाठी नाही मागून राहिली, मामाजी. फॉर्म भराचा आहे."

सही: नत्थू मा. काळबांडे

आम्हा दोघांसमक्ष त्यांनी सही केली आणि त्यांच्यासमक्ष आम्ही:
१. डॉ. मुग्धा देशकर
२. अॅड. ऋषिकेश पांडे

नागपूर, १९ नोव्हेंबर २०२५