बिल्ला कोणी काढला?

३ मार्च

नाही केली सही! कंपनीचा तो कोटवाला साहेब पेन पुढे धरून बसला, मी चष्मा पुसत बसलो. बराच वेळ पुसला.

"तुमची लेक म्हणजे आमच्या लाँड्रीचा कणा होती, काका." मेल्या म्हशीला मणभर दूध! कणा होती, तर कागदावर 'मयताच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे' असं कशाला छापलंत? विचारलं तोंडावर. म्हणतो, "ती नुसती भाषा असते हो."

चाळीस वर्षं शिवणयंत्रं दुरुस्त केली. शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं रद्दीचे कागद वाचून शिकलो. नुसती भाषा काय करते ते मला शिकवू नये कोणी.

लेक जाऊन आज एकोणचाळीस दिवस. कंपनीच्या तडजोडीवर तिघांच्या सह्या लागतात – जावई, मी, ही. जावईबापूंची कधीच झाली. "बाबा, करून टाका. संपवू या." माझ्याकडे न बघता म्हणाले. संपवू या म्हणे! उष्टी ताटं उचलायची आहेत का?

५ मार्च

डोकं ताळ्यावर राहावं म्हणून एकदा नीट लिहून काढतो.

लाँड्री इस्पितळांच्या चादरी धुते. चादरी सुकवायचा ड्रम एवढा मोठा, की माणूस वाकून आत जातो. ओली चादर मागच्या बाजूला अडकते, ती हातानेच सोडवावी लागते. आत जायच्या आधी मशीन बंद करायचं आणि बटणाच्या दांड्याला आपल्या नावाचा पत्र्याचा बिल्ला अडकवायचा. बिल्ला आहे म्हणजे आत माणूस आहे. ज्याचा बिल्ला त्यानेच काढायचा – लेकीने मला दहादा सांगितलेलं. पाळी संपली की तोच बिल्ला फाटकाजवळच्या फळीवर, आपल्या खुंटीला.

त्या संध्याकाळी लेक आत होती. मशीनवाल्याने बघितलं – बिल्ला नाही. दार लावलं, बटण दाबलं.

आणि बिल्ला सापडला फाटकाजवळ, तिच्या खुंटीला. म्हणून कंपनी म्हणते, तिने लावलाच नाही. चूक तिची!

माझी लेक गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येणारी. बिल्ला न लावता आत जाईल? सूर्य पश्चिमेला उगवला म्हणा, ते मानीन एक वेळ. कोणीतरी काढला. कोणीतरी काढून खुंटीला लावला आणि आता मूग गिळून बसलाय.

८ मार्च

वकीलबाईंकडे गेलो. दोन जिने चढून. खोलीत एक पंखा, फायलींचे ढीग, आणि बाई माझ्या लेकीच्याच वयाच्या. काका काका करत बोलल्या, पण भुलवलं नाही. हे आवडलं.

मी वही नेली होती. त्या बोलल्या, मी उतरवलं. एक, कामावर मरण आलं की ठरलेली भरपाई मिळते, तिथे चूक कोणाची हे फारसं बघत नाहीत, पण ती तेवढीच. दुसरा रस्ता दिवाणी दाव्याचा. कंपनीने हयगय केली हे आपण सिद्ध करायचं. नवरा, मूल, आईबाप, सगळे दावा लावू शकतात. याला वेळ लागतो. शिवाय मुदत असते, ती टळली की रडून उपयोग नाही. आणि फौजदारी वेगळीच. ती पोलीस आणि सरकारी वकील चालवतात. ज्याच्या हलगर्जीने जीव गेला त्याला शिक्षा होते, तुरुंगसुद्धा.

"आणि तडजोड?"

"तडजोडीवर सही केलीत, की पैसे लगेच. पण दावा मग विसरायचा. आणि तिची चूक होती हे तुम्हीच लिहून दिल्यासारखं."

मी म्हटलं, "बाई, मला फक्त तिच्या नावावरचा तो डाग काढायचाय."

"मग बिल्ला लावला होता हे दाखवावं लागेल. आणि तो कोणी काढला, तो माणूस शोधावा लागेल. तो सापडला तर काका, केस उभी राहते. खरं तर नुसत्या बिल्ल्यावर माणसांचा जीव टांगून ठेवणं हीच कंपनीची चूक. कुलूप हवं होतं. पण तो माणूस लागेल."

"आणि त्या माणसाचं काय होईल?"

"त्याच्यावर फौजदारी होऊ शकते."

"होऊ दे! खडी फोडू दे जन्मभर!"

बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

९ मार्च

जावयाला वकीलबाईंचं सांगितलं. ऐकून उठून गेला. ताट अर्धं तसंच.

१३ मार्च

चार दिवस लाँड्रीच्या फाटकासमोर उभा राहतोय. सगळे नजर चुकवून जातात. पोटावर पाय कोण आणील? कळतं मला. तरी राग येतो.

आज इस्त्रीवाली मावशी थांबली. लेकीची जुनी सोबतीण. आधी मलाच झापलं – "उन्हात उभे राहून चक्कर येऊन पडाल, मग तुमच्यासाठी कोण उभं राहणार?" मग हळूच म्हणाली, "बिल्ला होता हो भाऊ. सुटीच्या जरा आधी मी तिथूनच गेले. दांड्यावर होता. तिचाच. मी माझ्या डोळ्यांनी बघितला."

तिथेच खाली बसलो. मावशी घाबरली. मी रडत होतो की हसत होतो, मलाच कळेना.

"साक्ष द्याल?"

"निवृत्तीला माझे तीन महिने उरलेत. ते होऊ देत, मग कोर्टात काय, चौकात उभी राहून सांगते."

१४ मार्च

धावतपळत घरी येऊन काल सगळं सांगितलं. ही देवासमोर बसावं तशी माझ्यासमोर बसून ऐकत होती. "बघा, मी म्हणत नव्हते?" एवढंच म्हणाली. लेक गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवली.

आणि जावई? भिंतीला टेकून उभा. "मावशीला म्हातारपणी काय दिसतं, बाबा." माझा तोल गेला. म्हटलं, "तुम्हाला बायको गेल्याचं दुःख आहे की कंपनीचा पगार जाईल याचं? त्याच लाँड्रीत चादरींची गाठोडी उचलता, म्हणून तिथल्या लोकांचे मिंधे झालात? माझी लेक खोटी ठरली तरी चालेल तुम्हाला!"

नात दारात होती. सहा वर्षांची. तिने बापाचा हात धरला आणि त्याला बाहेर घेऊन गेली.

बोललो ते बोललो. खोटं नव्हतं बोललो.

१९ मार्च

वकीलबाईंचा फोन. मावशीचं ऐकून खूश झाल्या. म्हणाल्या, फाटकाजवळ कॅमेरा आहे, तो त्या खुंट्यांच्या फळीवरच रोखलेला आहे. चित्रण कंपनीने आपणहून कशाला द्यावं! पण दावा लावला की कोर्टाकरवी मागवता येईल. त्यात कळेल बिल्ला कोणाच्या हातातून खुंटीला गेला.

आता कुठे पळतोस, लेका!

जेवताना सगळ्यांना सांगितलं.

२० मार्च

दुपारी मी एकटाच होतो. जावई कामावर गेला नव्हता. समोर येऊन उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"बाबा, कॅमेऱ्यात मीच दिसेन."

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, "तुम्ही काय पाहिलंत?"

"मी काढला. रोज मीच काढायचो."

रोज! सुटी झाली की ती हात धुवायला जायची. तेवढ्यात हा तिचा बिल्ला काढून स्वतःच्या बिल्ल्याबरोबर खुंटीला लावून यायचा. म्हणजे फाटकावर गर्दी व्हायच्या आत दोघं बाहेर. पोरगी वाट बघत असते म्हणून. पाच वर्षं. तिला ठाऊक होतं, तिला आवडायचं. 'माझा नवरा माझा बिल्लासुद्धा उचलतो,' असं सगळ्यांना सांगायची.

त्या दिवशी ती ड्रममधून बाहेर आली. "झालं, निघू," म्हणाली. याने बिल्ला उचलला आणि फाटकाकडे गेला. तिला कुठे आत चादरीचं टोक दिसलं असेल. परत वाकून गेली. तिला वाटलं, बिल्ला आहेच.

"मी खुंटीला अडकवत होतो, बाबा, तेव्हा आवाज आला."

मी उठलो. मारायलाच उठलो होतो. हात वरही गेला. तो चेहरा वर करून उभा, मारा म्हणून.

तेवढ्यात नात शाळेतून आली. वेणी सुटलेली. बापापुढे पाठ करून उभी राहिली. तो खाली बसला आणि वेणी घालू लागला. तीन पेड, घट्ट, लेक घालायची तशीच. एक केस सुटला नाही.

आपलेच दात, आपलेच ओठ. दोष द्यायचा कोणाला आणि मागायचा न्याय कोणाकडे?

हिला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

२३ मार्च

वकीलबाईंना फोन केला. "सापडला का तो माणूस?" त्यांनी विचारलं. "नाही," म्हणालो.

मग कोटवाल्याकडे गेलो. 'मयताच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे' ही ओळ पुन्हा एकदा वाचली आणि खाली सही केली. हिलाही करायला लावली. ही माझ्याकडे बघत राहिली.