जिन्याची कडी

मी पुष्पाबाई राघो महाले, वय ६८, काम शिवण, राहणार डिंडोली, सुरत, हे मृत्युपत्र राजीखुशीने स्वतःच्या हाताने लिहिते. बीपीची एक गोळी सोडली तर मला काही झालेलं नाही. डोकं वकीलसाहेबांइतकंच ठिकाणावर आहे.

१. माझे यजमान राघो कडोदऱ्याला लूमवर अपघातात गेले, तेव्हा माझा मुलगा लखन अकरा महिन्यांचा होता. त्याला कडेवर घेऊन मी शिरपूरला भाऊ किसन यांच्या दारात गेले. ते म्हणाले, "दोन दिन ऱ्हाय." त्यांना माझ्यातलं काही नाही. माझ्या तेराव्याला यावं, पोटभर जेवावं आणि दोन दिवसांत जावं.

२. पुढे शिलाईवर मी हे घर बांधलं. बाळ घेऊन कुठे जावं हे ज्या बाईला कळत नाही, तिच्यासाठी वरच्या तीन खोल्या आहेत आणि राहतील. नवऱ्याचं नाव विचारायचं नाही. पुरुषाने जिना चढायचा नाही, कडी वरून लावायची. समजूत घालून कुणाला परत पाठवायचं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गॅलरीत झोका बांधायचा, इथून गेलेल्या पोरी लेकरं घेऊन येतात.

३. परत न पाठवण्याचा नियम मीच मोडला. लखन मारतो म्हणून माझी सून शीतल दोनदा वर आली. दोन्ही वेळा मी तिची समजूत घालून तिला खाली पाठवलं. परक्यांच्या पोरींना कधी पाठवलं नव्हतं. तिसऱ्यांदा ती मोडलेला हात घेऊन आली, तेव्हा मी कडी लावली. लखन खालून म्हणाला, "माय, मी तुना पोऱ्या शे." मी म्हटलं, "शे, म्हनीसनच कडी लायी." मला त्याची लाज वाटते, माझी त्याहून जास्त.

४. म्हणून संपूर्ण घर शीतलला देते. अट एकच, वरच्या खोल्या कलम २ प्रमाणे चालाव्यात. लखन कतारगामला भाड्याने राहतो, त्याने तिथेच राहावं.

५. शिलाई मशीन सोनालीला. वर राहायला आलेली ती पहिली. कात्रीला धार लावून घ्यावी.

६. लखनला वडिलांचं घड्याळ. मला अग्नी त्यानेच द्यायचा, दुसऱ्या कुणाचा मला नको. मात्र मी वरच्या खोलीत वारले, तर मला बायका खाली आणतील. त्याने जिन्याखाली थांबावं, त्या दिवशीही.

वाचून, समजून सही केली.
पुष्पाबाई राघो महाले

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. स्वाती कुंदन मराठे, नर्स
२. मारुती लोटू चौधरी, शेजारी

सुरत, ९ जानेवारी २०२५