कवठी चाफ्याची गुटी

आबा, कोरेगावात माझ्या परसातला कवठी चाफा यंदाही फुललाय. आज सकाळी ओंजळीएवढं पांढरं फूल उमललं आणि वास पार रस्त्यापर्यंत गेला. पानं तुमच्या झाडासारखीच, वरून चकचकीत, खालून तांबूस, बारा महिने हिरवीगार.

तुम्ही पलटणीतून कायमचे घरी आलात तेव्हा ते रोप ट्रंकेवर बांधून आणलंत आणि कुंडलला अंगणात लावलंत. लग्नानंतर मी त्याची फांदी मागितली. तुम्ही म्हणालात, "तोडून नेलीस तर वाळंल. गुटी बांधू." आषाढात तुम्ही फांदीवरची बोटभर साल गोल काढलीत, तिथं ओलं शेवाळ लावून प्लॅस्टिक आवळलंत आणि बजावलंत, दिवाळीशिवाय हात लावायचा नाही. गौरीला मी माहेरी येते आणि नखानं ते सोडून बघते. आत दोऱ्यासारखी पांढरी मुळं असतात, ती माझ्याच बोटांत तुटतात. तुम्ही ओरडला नाहीत. "तुला दम न्हाई पोरी," एवढंच म्हणालात आणि जेवायला बसलात. मी त्या दिवशी जेवले नाही. पुढचा आषाढ तुम्ही पाहिला नाहीत.

बऱ्याच वर्षांनी भावानं नवं घर बांधायला काढलं. चाफा बरोबर मधे येत होता. मी म्हटलं, "पाड, पण एवढा पावसाळा जाऊ दे. गुट्या बांधते."

"तुला जमंल का आक्का?"

"जमंल की."

पाच बांधल्या आणि दिवाळीपर्यंत एकीलाही बोट लावलं नाही. दोन धरल्या. मग झाड पाडलं. आता शेजारणी विचारायला येतात, तर मी ठणकावून सांगते, सालीखालचा बुळबुळीत थर नीट खरवडा, नाहीतर जखम भरून येते आणि मुळं सुटत नाहीत. माझी गुटी सहसा फुकट जात नाही.

एक गोष्ट भावाला अजून सांगितलेली नाही. त्या दोनांतली एक त्याच्या नव्या दारासाठी होती. एक मुळांनी गच्च, दुसरी किडकिडीत. गच्च होती ती मी आणली. त्याची उन्हाळ्यात वाळली. आपणच पाणी कमी घातलं असं तो अजून म्हणतो, आणि मी ऐकून घेते. यंदा त्याच्यासाठी चांगल्या जाड फांदीवर गुटी बांधलीय. दिवाळीला नेऊन देईन. हा कागद मात्र त्याला दाखवणार नाही, आणि रोप देताना तोंडानं काही सांगेन, असंही वाटत नाही.